तीन जंत आणि टाकून दिलेलीं जनुकें

ओहोटी लागली म्हणजे अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाड्या जाऊं लागतात. गाडीचा घोडा, वाळूंत लोळणारें कुत्र्याचें पिलू आणि ओल्या वाळूचा किल्ला रचणारें मूल हीं तिन्ही तेथें एकत्र दिसतात. आणि या तिघांच्या आतड्यांत संसार थाटणारा एकेक निराळा जंत आहे. माणसाचा ॲस्कॅरिस, घोड्याचा पॅरॅस्कॅरिस व कुत्र्याचा टॉक्सोकॅरा. तिघेहि एकाच घराण्यांतले, पांढुरके, गोल व दोन्ही टोकांना निमुळते. डुकराचा जंत तर माणसाच्या जंताशीं इतका मिळताजुळता आहे कीं, नुसत्या रूपावरून त्याला वेगळें ओळखणें तज्ज्ञांसहि जड जातें. अशा जवळच्या भाऊबंदांचीं अंतरंगें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं असतां, एका प्राण्याच्या अभ्यासानें न सुटणारीं कोडीं कधींकधीं सुटूं लागतात.

माणसाच्या जंताची मादी २० ते ३५ सेंटिमीटर लांब असते व दिवसाला सुमारें दोन लाख अंडीं घालते. विष्ठेबरोबर बाहेर पडलेलें अंडें लगेच बाधक नसतें. त्याला दोनतीन आठवडे मातींत मुरावें लागतें. कडक ऊन व कोरडेपणा त्याला मारक. ओल व सावली मात्र तारक. अष्टागरांतील नारळी-पोफळीच्या वाड्यांत, शिंपण्याच्या पाण्यानें सदा ओलसर असलेल्या जमिनींत या दोन्ही गोष्टी बारा महिने मिळतात. न धुतलेल्या हातांतून किंवा कच्च्या भाजींतून अंडें पोटांत गेलें म्हणजे अळी बाहेर पडते. परंतु ती आतड्यांत स्वस्थ बसत नाहीं. रक्तांतून यकृतांत, तेथून फुप्फुसांत, मग घशांत येऊन ती पुन्हां गिळली जाते आणि या प्रदक्षिणेनंतर आतड्यांत वाढते. जपानी डॉक्टर कोइनो यानें १९२२ सालीं स्वतः दोन हजार अंडीं गिळून ही फुप्फुसांची वाट स्वतःच्या देहावर पडताळून पाहिली. शास्त्रासाठीं इतकें करावें कीं काय, हा प्रश्न निराळा. थोडे जंत असले तर मूल कुरकुरतें, अन्न अंगीं लागत नाहीं. फार झाले तर त्यांचा गुंता होऊन आतडेंच अडतें.

आतां या जंताच्या पेशींत शिरूं. शाळेच्या पुस्तकांत एक वाक्य असतें कीं, प्राण्याच्या प्रत्येक पेशींत त्याचीं सर्व जनुकें असतात. जनुक म्हणजे पेशीनें अमुक एक पदार्थ कसा घडवावा याचा लिहिलेला विधि. एखाद्या मोठ्या वाड्यांतील प्रत्येक खोलींत सगळ्या पोथ्यांचा संपूर्ण संच ठेवावा, स्वयंपाकघरांत पाकशास्त्राची पोथी उघडावी, देवघरांत पूजेची, आणि बाकीच्या त्या त्या खोलींत बासनांत बांधून ठेवाव्यात, तशी ही व्यवस्था आहे. कोणती पोथी कोठें व केव्हां उघडावी आणि कोणती बांधून ठेवावी, यालाच जनुकांचें नियमन म्हणतात. स्नायूची पेशी व मेंदूची पेशी वेगळ्या होतात त्या याच नियमनामुळें. पुस्तकांतील तें वाक्य बहुतेक प्राण्यांपुरतें खरें आहे. या तीन जंतांना मात्र तें लागू पडत नाहीं.

हें प्रथम उघड झालें घोड्याच्या जंतामुळें. त्याच्या एका जातींत गुणसूत्रांची केवळ एकच जोडी असते, आणि तीहि चांगली ठसठशीत. जनुकें ज्या धाग्यांवर ओवलेलीं असतात तीं हीं गुणसूत्रें. सूक्ष्मदर्शकानें पाहणाऱ्यास याहून सोयीचा प्राणी मिळणें कठीण. बेल्जियमच्या व्हान बेनेडेननें १८८३ मध्यें याच जंताच्या अंड्यांत दाखविलें कीं, आई व बाप दोघांकडूनहि गुणसूत्रांचा सारखाच वांटा येतो. पुढें १८८७ मध्यें म्युनिक येथील थिओडोर बोव्हेरी या पंचविशीच्या आसपासच्या संशोधकाला तीं अंडीं पाहतांना कांहीं विलक्षण दिसलें. एका अंड्याच्या दोन पेशी झाल्या. त्यानंतरच्या विभाजनांत एका पेशीनें आपलीं गुणसूत्रें अखंड राखिलीं. दुसरींत मात्र त्यांचा मधला भाग तुकडे तुकडे होऊन वांटला गेला व दोन्ही बाजूंचीं जाड टोकें मागें पडून नाहींशीं झालीं. पुढच्या प्रत्येक विभाजनांत तोच प्रकार. शेवटीं संपूर्ण वारसा एकाच पेशीच्या वंशांत उरला, आणि त्या वंशापासूनच पुढें जंताच्या अंड्यांची व शुक्रपेशींची उत्पत्ति झाली. बाकी सारा देह कापलेल्या वारशावर उभा राहिला. म्हणजे या जंताच्या देहांतील खोल्या नको असलेल्या पोथ्या बासनांत बांधीत नाहींत. त्या सरळ बाहेर फेकून देतात.

फेकलें तें काय, हें मात्र बोव्हेरीला वाचतां येण्यासारखें नव्हतें. त्या टोकांत बहुतेक एकच मजकूर पुन्हांपुन्हां लिहिलेला आहे असें पुढें दिसून आल्यावर, तो कचराच असावा असें म्हणणें सोपें झालें. विज्ञानांत ‘कचरा’ हा शब्द वापरतांना जरा थांबावें हें बरें. २०१२ मध्यें अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठांत जिआन्बिन वांग, रिचर्ड डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं डुकराच्या जंताचा टाकलेला भाग अक्षरशः वाचून काढला. एकंदर वारशाच्या सुमारें १३ टक्के भाग त्यानें टाकिला होता, आणि त्या भागांत ६८५ च्या आसपास जनुकें होतीं. तीं मोडकीं किंवा निरुपयोगी नव्हतीं. जननपेशींत तीं उत्तम काम करीत होतीं.

एकाच जंतावरून नियम बांधतां येत नाहीं. म्हणून त्याच मंडळींनीं २०१७ मध्यें माणूस, डूक्कर, घोडा व कुत्रा या चौघांचे जंत एकमेकांशेजारीं ठेविले, आणि खरें मर्म येथें हातीं आलें. घोड्याचा जंत आपल्या वारशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग टाकितो. इतरांचें टाकणें त्या मानानें फार थोडें. पुनरुक्तीचा मजकूरहि प्रत्येक कुळांत निराळा आढळला. परंतु टाकलेलीं जनुकें मोजलीं तेव्हां तीं सर्वांत एक हजार ते दोन हजारांच्या घरांत, म्हणजे एकूण जनुकांच्या ५ ते १० टक्के निघालीं. आणि त्यांपैकीं ३५ टक्के या सर्व जंतांत समान होतीं. हीं समान जनुकें मुख्यतः शुक्रपेशी घडविण्याच्या कामाचीं आहेत. गुणसूत्रें जेथें तुटतात त्या जागांपैकीं निम्म्याहून अधिक जागा माणसाच्या व घोड्याच्या जंतांच्या कुळांत त्याच; दूरच्या नात्यांतल्या कुत्र्याच्या जंतांत मात्र तशा दहांतली एकच.

केर निराळा व जनुकें तींच, असें जेव्हां भाऊबंदांत आढळतें, तेव्हां हा सारा खटाटोप केर काढण्यासाठींच असेल हें पटत नाहीं. जें काम फक्त जननपेशींचें, तें देहाच्या इतर पेशींत कधींहि सुरू होऊं नये, यासाठीं केलेली ही कायमची बंदी आहे. मातींत मोकळा राहणारा सी. एलेगन्स नांवाचा चिमुकला जंत हेंच काम जनुकें न टाकतां, नुसतीं मुकीं करून साधतो. एकाच गरजेवर दोन भिन्न उपाय निसर्गानें काढिले आहेत.

या तुलनेचा घरगुती व्यवहाराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. भारतांत २०१५ पासून १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून पाळला जातो, व १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळांतून व अंगणवाड्यांतून अल्बेंडॅझोलची गोळी देतात. जंताच्या पेशींतील आधाराच्या सूक्ष्म नळ्या ज्या पदार्थाच्या बनतात, त्याला हें औषध चिकटतें. जंताला अन्न शोषतां येईनासें होऊन तो मरतो. गोळी पोटांतला जंत काढते. वाडींतल्या मातींतील अंड्याला तिचा धक्काहि लागत नाहीं. म्हणून ती पुन्हांपुन्हां द्यावी लागते, आणि जें औषध पुन्हांपुन्हां द्यावें लागतें त्याची धार बोथट होण्याचें भय असतें.

घोड्याच्या जंतांत हें घडून चुकलें आहे. आयव्हरमेक्टिन या औषधाला तो दाद देत नाहीं असें २००२ सालीं हॉलंडमध्यें प्रथम नोंदलें गेलें, व मागाहून इतर देशांतहि तसेंच आढळलें. अल्बेंडॅझोलच्या कुळांतील औषधेंहि कांहीं ठिकाणीं त्याच्यावर उणीं पडूं लागलीं. इतर जंतांत या कुळाच्या औषधांना दाद न देण्याचें कारण म्हणून जनुकाच्या मजकुरांतील ठराविक अक्षरबदल ओळखीचे आहेत. घोड्याच्या जंतांत ते शोधले असतां सांपडले नाहींत. तेव्हां मजकूर तोच राहून, पोथी किती उघडावी यांतच कांहीं फरक पडला आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं औषध दिलेल्या जंतांत कोणतीं जनुकें अधिक बोलूं लागतात व कोणतीं गप्प होतात याच्या याद्या आतां केल्या जात आहेत. माणसाचा जंत त्याचा अगदीं जवळचा आप्त असल्यामुळें, ज्या डॉक्टरांनीं कधीं घोड्याला हातहि लाविला नाहीं, तेहि त्या याद्या लक्ष देऊन वाचतात.