ऑक्टोबरची भरलेली विहीर

खारेपाटण म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकाला शिलाहार रट्टराजाचा शके ९३० चा ताम्रपट आठवतो. गेली काही वर्षे टेप घेऊन हिंडणाऱ्या मला इथल्या विहिरी आठवतात. विजयदुर्गच्या खाडीला मिळणाऱ्या नदीच्या काठचे हे जुने बंदर. जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही सड्यावरच्या वाड्यांत मे महिन्यात पाण्याची पंचाईत होते. आणि शासकीय भूजल मूल्यांकनात सिंधुदुर्गातले तालुके मात्र ‘सुरक्षित’ गटात बसतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतात, हे समजायचे तर विहिरीची पातळी कशी मोजतात आणि तो आकडा कसा वाचायचा, हे पाहावे लागते.

मोजणी दिसते तितकी सोपी नाही. कठड्यावर रंगाने एक कायमची खूण करायची आणि दर वेळी तिथूनच टेप सोडायची. टेपच्या टोकाला खडू फासला की ओली रेघ स्पष्ट दिसते. पाणी ६.३५ मीटरवर लागले आणि कठडा जमिनीपासून ०.७५ मीटर उंच असेल, तर जमिनीपासूनची खोली ५.६० मीटर. पुढे कोणी कठडा वाढवला आणि त्याची नोंद झाली नाही, तर पाणी न हलताही पातळी ‘घटते’. मोजणी पहाटे, पंप सुरू होण्यापूर्वी करावी. नाहीतर आपण भूजल मोजत नाही, कालचा उपसा मोजतो. बोअरचा आकडा विहिरीच्या आकड्यात मिसळू नये. खोल खडकाच्या भेगांतले पाणी दाबाखाली असू शकते. त्याची पातळी वरच्या जांभ्यातल्या पाण्याशी जुळेलच असे नाही.

आता अर्थ लावणे. समजा, सड्यावरच्या विहिरीत पाणी ९ मीटरवर आहे आणि खालच्या खाचरातल्या विहिरीत २ मीटरवर. खाली पाणी जास्त, असे आपण सहज म्हणतो. पण सडा समुद्रसपाटीपासून ६२ मीटर आणि खाचर ३८ मीटर उंचीवर असेल, तर पाण्याची खरी उंची अनुक्रमे ५३ आणि ३६ मीटर. म्हणजे सड्याचे पाणी खाचराकडे आणि पुढे खाडीकडे उतरते आहे. हा उतार जमिनीपासूनची खोली सांगत नाही. त्यासाठी विहिरीच्या काठाची उंची ठाऊक असावी लागते.

जिल्ह्याच्या या उत्तर भागात वर जांभा, खाली बेसाल्ट आणि अनेक ठिकाणी दोहोंच्या मध्ये चिकट मातीचा थर. जांभ्याच्या पोकळ्यांतून पाणी झटकन मुरते, मातीच्या थरावर अडते आणि आडवे वाहत डोंगरउतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. भूजल मूल्यांकनात जांभ्याची विशिष्ट देयता, म्हणजे खडकातून प्रत्यक्ष सुटणाऱ्या पाण्याचे प्रमाण, साधारण अडीच टक्के धरतात. पावसाळ्यात पातळी ५ मीटरने चढली, तर साठा वाढला १२५ मिलिमीटरने. तीन हजारांच्या तुलनेत हा साठा किती लहान, ते पाहा. भांडे लवकर भरते. नंतरचा पाऊस वरून वाहून जातो.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची मोजणी वर्षातून चार वेळा करते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. देशावर ऑक्टोबरची पातळी त्या वर्षीच्या पावसाविषयी पुष्कळ सांगते. कोकणात ती फारसे बोलत नाही, कारण पाऊस जरा उणा झाला तरी विहीर काठोकाठ भरलेलीच असते. इथे पाहायचा तो ऑक्टोबरनंतरचा उतार. दोन विहिरींत ऑक्टोबरला पाणी २ मीटरवर होते. जानेवारीत एकीचे ३.५० वर गेले, दुसरीचे ७ वर. दुसरी विहीर ९ मीटर खोल असेल, तर मे महिन्याचे संकट जानेवारीतच लिहिलेले आहे.

‘सुरक्षित’ या शब्दाचा उलगडा इथेच होतो. हा गट ठरतो तो उपलब्ध वार्षिक भूजलाच्या किती टक्के उपसा झाला यावरून. सत्तर टक्क्यांपर्यंत सुरक्षित. पावसाळ्यानंतर नैसर्गिकरीत्या निघून जाणाऱ्या पाण्यासाठी सर्वसाधारणपणे पुनर्भरणाच्या पाच ते दहा टक्के वजावट करतात. सड्यावरून पाणी ज्या वेगाने निसटते, त्याला ही वजावट अपुरी आहे. शिवाय आपला उपसाही थोडा. तेव्हा हिशेब सांगतो की माणसे पाणी फार काढत नाहीत. मे महिन्यात पाणी असेल, असे तो सांगतच नाही. ‘सुरक्षित’ शब्द वाचून नळयोजनेचा उद्भव सड्यावर घेणाऱ्या गावाला हा फरक महागात पडतो.

म्हणून प्रत्येक वाडीने एक तरी विहीर ऑक्टोबर ते मे दर आठवड्याला मोजावी. तारीख, वेळ, खोली, शेवटचा उपसा कधी, एवढ्या चार रकान्यांची वही पुरते. दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून कोणती विहीर टिकते ते कळते, आणि पाण्याचा उद्भव तिच्याजवळ शोधता येतो. वनराई बंधारा ओढ्यात कुठे घालावा, याचेही उत्तर त्या वहीत असते: तो खालच्या विहिरींना आधार देतो, उंचावरच्या सड्याला नाही. सड्याच्या वाडीसाठी टाकी, पागोळीचे पाणी किंवा खालून उचललेले पाणी, हाच विचार करावा लागतो. तो जानेवारीत केला तर हाताशी चार महिने असतात.