दोरीवरचं झाड

आमच्या चुलतभावाच्या सोयाबीनमध्ये पीक कापणी प्रयोग होता. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून ठरल्या आकड्यांइतकी पावलं मोजून खुंटी ठोकली, 10 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद दोरी ताणली. एवढ्यातलंच पीक कापून, मळून तोलायचं. वाद निघाला एका झाडावरून. ते बरोबर दोरीखाली. ‘साहेब, हे बाहेरचं धरा,’ भाऊ म्हणाला. मला हसू आलं. एका झाडाचे दाणे मूठभरही नसतात!

मग हिशेब केला. 50 चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. इथली अर्ध्या किलोची चूक कागदावर हेक्टरी 1 क्विंटलची होते. महसूल मंडळात पिकाचे असे किमान 10 प्रयोग होतात. त्यांची सरासरी ठरवून दिलेल्या उंबरठा उत्पादनाखाली गेली, तर विम्याची भरपाई. 2025च्या खरिपापासून तर राज्यात विम्याची मदार मुख्यतः याच प्रयोगांवर आली. भाऊ उगीच भांडत नव्हता.

हे भांडण जुनं आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी 1940च्या दशकात त्याचं मूळ शोधलं. तेव्हा बंगालात प्रा. महालनोबिस लहान वर्तुळं कापून उतारा काढत. काम झटपट होई. पण कापणारा हात काठावरचं झाड आत ओढतो, आणि लहान तुकड्याला काठच फार. 4 फूट त्रिज्येच्या वर्तुळात 50 चौरस फुटांना 25 फूट काठ येतो. 33 फूट लांब, साडेसोळा फूट रुंद आयतात 544 चौरस फुटांना फक्त 99 फूट. लहान तुकडे उत्पादन फुगवून सांगतात, हे सुखात्म्यांनी दाखवून दिलं.

यंत्र आलं तरी काठ सुटत नाही. परदेशात हार्वेस्टरवर सेन्सर आणि जीपीएस लावून शेताचा उतारा-नकाशा काढतात. बांधालगतच्या फेरीत अर्ध्याच पात्याखाली पीक आलं आणि रुंदी पूर्ण धरली, तर चांगली जमीन नकाशात हलकी दिसते. शिवाय कापलेला दाणा सेन्सरपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. तेवढं मागे धरलं नाही, तर इथलं पीक पुढच्या जागेच्या नावावर चढतं.

आमच्याकडचा नियम साधा: मूळ निम्म्याहून अधिक आत, तर झाड आत. साहेबांनी उकिडवं बसून माती सारली. मूळ आत होतं. भाऊ गप्प झाला. मळून वजन भरलं 4 किलो 800 ग्रॅम, म्हणजे हेक्टरी 960 किलो. पण दाणे ओलसर होते. ओलावा मोजून वाळलेलं वजन काढायचं अजून बाकी होतं.