बर्गंडीच्या पांढऱ्या मद्याची पारख

मद्यपानाची भलामण करण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु मालाची पारख थेट शेतापर्यंत कशी पोंचते, हें शेतकरी बंधूंनीं पाहण्याजोगें आहे.

फ्रान्सच्या पूर्वेकडील बर्गंडी प्रांतांत कोत-द-ओर नांवाच्या टेकड्या आहेत. त्यांच्या उतारावर शार्दोने जातीच्या द्राक्षांपासून उत्तम पांढरें मद्य होतें. जात एकच, तथापि पायथ्याच्या मळ्यापेक्षां उताराच्या मध्यावरील, चुनखडीच्या व निचऱ्याच्या जमिनींतलें मद्य श्रेष्ठ ठरतें. सर्वांत नामांकित असा मोंत्राशेचा मळा अवघा ८ हेक्टर, म्हणजे सुमारें २० एकर आहे.

पारख करतांना मद्याचें उष्णमान सुमारें १२ अंश सेल्सिअस ठेवावें; अति थंड मद्याचा वास दबतो. प्रथम पेला पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहावा. नव्या मद्यांत फिकट सोनेरी रंगावर हिरवट झांक असते. मुरल्यावर तो गडद होतो. नवें असूनहि तपकिरी दिसल्यास मद्यास हवा लागली असें समजावें.

मग पेला फिरवून वास घ्यावा. लिंबू-सफरचंदाचा वास फळाचा, भाजल्या पावाचा ओक लांकडाच्या पिंपाचा. लोण्याचा वास मॅलिक आम्लाचें सौम्य लॅक्टिक आम्ल होतांना येतो. भिजल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आल्यास बहुधा बूच दूषित असतें.

शेवटीं घोट जिभेवर घोळवावा. चव पाणचट लागल्यास वेलीवर पीक फार धरलें असावें. आंबटपणा फार कमी असल्यास तोडणीस उशीर झाला असावा. चांगल्या मद्याची चव घोटानंतरहि बराच वेळ टिकते.

पारख नांव झांकून करावी. २४ मे १९७६ रोजीं पॅरिस येथें फ्रेंच परीक्षकांनीं अशी परीक्षा केली, तेव्हां बर्गंडीच्या चार मद्यांना मागें टाकून कॅलिफोर्नियाचें शातो माँतेलेना पहिलें आलें. पुढें १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या हंगामांतील बर्गंडीच्या अनेक मौल्यवान बाटल्या अकालीं तपकिरी पडल्या. बूच, गंधकाचें अपुरें प्रमाण व रस काढण्याची रीत यांवर संशय गेला.

मळ्याच्या नांवास फ्रेंच कायद्याचें संरक्षण आहे. गुणास मात्र तें नाहीं. म्हणून माल गिऱ्हाइकापूर्वीं आपण स्वतः, निष्ठुरपणें पारखावा, हाच बोध बागाइतदारानें घ्यावा.