बंदीला पुरून उरलेली लिली पार

1920 सालचा नाताळ. लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर महिलांच्या दोन फुटबॉल संघांचा सामना पाहायला 53,000 प्रेक्षक जमले होते. आत जागा न मिळाल्याने हजारो लोक दारातूनच परत गेले. प्रेस्टनच्या ‘डिक, कर लेडीज’ संघाने सेंट हेलेन्सच्या संघाला 4-0 असे लोळवले. या विजयी संघाची डावी बाजू सांभाळणारी आघाडीची खेळाडू होती लिली पार. तिचे वय अवघे पंधरा वर्षे.

लिलीचा जन्म 26 एप्रिल 1905 रोजी लँकेशायरमधील सेंट हेलेन्स या औद्योगिक गावात, एका कष्टकरी कुटुंबात झाला. भावांबरोबर फुटबॉल आणि रग्बी खेळतच ती मोठी झाली. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि कारखान्यांत त्यांच्या जागी मुली कामाला लागल्या. प्रेस्टनच्या डिक, कर कारखान्यातील अशाच मुलींनी 1917 मध्ये संघ उभारला. त्यांच्या सामन्यांतून जमणारा पैसा जखमी सैनिकांसाठी आणि इतर धर्मादाय कामांसाठी जात असे. व्यवस्थापक आल्फ्रेड फ्रँकलंड यांनी लिलीचा खेळ हेरला आणि 1920 मध्ये तिला संघात घेतले.

जवळजवळ सहा फूट उंची आणि विलक्षण ताकदीचा डावा पाय, ही तिची शस्त्रे. त्या काळचा चेंडू जाड चामड्याचा असे. पावसात भिजला की तो इतका जड होई की कॉर्नरवरून थेट गोलपर्यंत पोहोचवणे अनेक पुरुष खेळाडूंनाही जमत नसे. लिलीचा कॉर्नर मात्र गोलसमोर नेमका उतरायचा. तिचा फटका अडवताना एका पुरुष गोलरक्षकाचा हात मोडल्याची गोष्ट इंग्लंडमध्ये आजही सांगितली जाते.

या यशाच्या ऐन भरात घाला पडला. 5 डिसेंबर 1921 रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नसल्याचे जाहीर केले आणि आपल्या सदस्य क्लबांना महिलांच्या सामन्यांसाठी मैदाने देण्यास मनाई केली. जमा होणाऱ्या पैशातील फार मोठा हिस्सा खर्चात जातो, अशीही तक्रार पुढे केली. मोठी स्टेडियम एका ठरावाने बंद झाली. अनेक संघ हळूहळू विरून गेले.

लिली थांबली नाही. 1922 मध्ये तिचा संघ अमेरिकेला गेला. तिथे त्यांच्यासमोर पुरुषांचे संघ उभे करण्यात आले आणि या मुलींनी त्यांच्याशीही बरोबरीने झुंज दिली. मायदेशी परतल्यावर असोसिएशनच्या अखत्यारीबाहेरची मिळतील ती मैदाने हेच त्यांचे रणांगण झाले. पोटापाण्यासाठी लिलीने प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम मनोरुग्णालयात परिचारिकेचे काम पत्करले. रुग्णसेवा आणि फुटबॉल अशी दुहेरी वाटचाल तिने वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत चालू ठेवली. तीस वर्षांच्या या कारकिर्दीत सुमारे 980 गोल तिच्या नावावर सांगितले जातात. त्यांतले बहुतेक बंदीच्या काळातले आहेत, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचे मोल कळते.

अखेर 1971 मध्ये बंदी उठली. तेव्हा लिली साठी ओलांडून गेली होती. 24 मे 1978 रोजी तिचे निधन झाले. मोठा सन्मान त्यानंतरच आला. 2002 मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने आपल्या सन्मान-दालनात तिला स्थान दिले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. 2019 मध्ये मँचेस्टरच्या याच संग्रहालयात तिचा पुतळा बसवण्यात आला.

31 जुलै 2022 रोजी वेम्बलीवर 87,192 प्रेक्षकांसमोर इंग्लंडच्या महिलांनी जर्मनीला 2-1 असे हरवून युरोपीय विजेतेपद पटकावले. त्या यशाचा इतिहास लिहिताना सुरुवात लिली पारपासूनच करावी लागेल. मैदाने बंद झाली, तरी खेळ तिने बंद पडू दिला नाही.