भरतीची वाट पाहणारे गिऱ्हाईक

रत्नागिरी जिल्ह्यात वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तेथे उत्तर काठावर दाभोळ हे गाव आहे. आज ते लहान वाटते. पण बहमनी आणि आदिलशाही काळात दख्खनची तिजारत याच बंदरातून होई. घाटावरचे कापड नदीने खाली येई, आणि अरबस्तान, एडन, होर्मुझकडून आलेला माल, तांबे आणि घोडे वर जात. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी हिंदुस्थानातून परतताना दाभोळहूनच जहाजात बसला. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी हे शहर जाळले, तरी बंदर पुन्हा उभे राहिले.

त्या काळी सर्व ये-जा शिडावर होती. हे शिडाचे गणित काय असते, ते मला पुस्तकात नव्हे, दाभोळच्या खाडीत कळले. मुंबईचे एक परिचित हौसेने शिडाची होडी बाळगतात. एका हिवाळ्यात त्यांच्याबरोबर तेथे जाण्याचा योग आला.

शिडाच्या होडीला दोन मालक असतात, वारा आणि पाणी. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात, ते होडीला खाडीत आणतात. रात्री जमिनीवरून मतलई वारे सुटतात, ते पहाटे बाहेर नेतात. खाडीच्या मुखाशी वाळू साचलेली असते, म्हणून आत शिरायचे ते भरतीच्या पाण्याबरोबर. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. आपल्याकडे चांदाची तारीख लक्षात ठेवण्याची सवय आहे. जुने तांडेल याच तारखेवरून भरतीची वेळ सांगत.

त्या दिवशी चांदाची दहावी होती. दक्षिणेला अंजनवेलचा गोपाळगड ठेवून आम्ही चारच्या सुमारास आत शिरलो. बाहेर लाटा होत्या, आत पाणी शांत. शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडून खोली पाहिली; पाच मीटर भरली. तळ चिखलाचा, म्हणजे नांगर धरण्यास चांगला. आम्ही 20 मीटर दोर सोडला आणि छोट्या होडीने धक्क्यावर उतरलो.

पाण्यावरूनच दिसणारी शाही मसजिद धक्क्याजवळच आहे. एक मोठा घुमट, चार मिनार, विजापूरची धाटणी. आदिलशाही घराण्यातील एक शाहजादी हजला निघाली होती, पुढे जाता आले नाही म्हणून तिने सफरीचा पैसा या मसजिदीवर खर्च केला, असे गावात सांगतात.

सूर्य मावळता मावळता धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या खलाशाने हाक मारली, ‘‘शेठ, तुमची होडी सरकतेय!’’ खरेच होडी काठाच्या खडकांकडे चालली होती. आमची चूक साधी होती. दोर सोडला तो चार वाजताच्या पाण्याचा हिशेब करून. नंतर पाणी मीटरभर चढले, दोर उभा ताणला गेला आणि नांगर चिखलातून सुटला. दोराची किमान लांबी भरतीच्या खोलीच्या पाचपट असावी, सातपट असेल तर निर्धास्त. आमच्याकडे तेवढा दोर नव्हता. दोर घेण्यात आम्ही काटकसर केली होती.

बाजार बंद होत होता. मच्छिमारीचे सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने कुलूप लावले होते. त्याने ऐकून घेतले, कुलूप काढले, नायलॉनचा दोर किलोवर तोलून दिला आणि म्हणाला, ‘‘पैसे सकाळी द्या, आधी होडी सांभाळा.’’ त्या दोराने होडी वाचली. रात्रभर ती ओहोटीबरोबर फिरली, पण जागची हलली नाही.

सकाळी त्याचे पैसे चुकते केले. भरती सातच्या सुमारास पूर्ण होणार होती, त्यापूर्वी निघण्यात अर्थ नव्हता. तेवढ्या वेळात आम्ही तांदूळ, सुकट, कोकम घेतले, पाणी भरले, चहा-नाश्ता केला. मी कापडवाला, हातमागाची चादर शोधली, ती मिळाली नाही. जेथून कापड परदेशी जाई, तेथे गिरणीचे पॉलिएस्टर पाहून परत फिरलो. मग ओहोटी लागताच मतलई वाऱ्यावर बाहेर पडलो.

जुन्या बंदराची बरकत कशात होती, ते त्या रात्री उमगले. गलबताला भरतीची वाट पाहावी लागे आणि त्या थांबण्यावर बाजार जगे. पुढे जहाजे मोठी झाली, त्यांना खोल पाणी लागले, व्यापार मुंबईला गेला. 2003 पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट मोटारी घेऊन खाडी ओलांडते. लोकांची मोठी सोय झाली. पण फेरीचे गिऱ्हाईक काही मिनिटांत पलीकडे जाते. त्याला थांबायची गरज उरलेली नाही. आता त्याला थांबावेसे वाटेल असे काही आपणच ठेवले पाहिजे.

खाडीकाठच्या व्यापारी व कारागीर बंधूंना म्हणून तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. दुकानाची वेळ केवळ घड्याळावर नको, फेरीवर आणि भरतीवरही ठेवा. मुंबईत मिळते तेच विकू नका; जवळच्या कारागिराचा माल पुढे मांडा. आणि अनोळखी माणसाची नड भागवा, भावात तिचा फायदा घेऊ नका. त्या दुकानदाराने दुप्पट भाव सांगितला असता तरी आम्ही मुकाट्याने दिला असता. त्याने वाजवी भाव घेतला. आता या खाडीत जाणारा जो कोणी भेटतो, त्याला मी त्याच दुकानाचा पत्ता सांगतो.

उधारी आणि भांडवल यांचेही दोरासारखेच आहे. हिशेब आजच्या पाण्याचा नको, चढणाऱ्या पाण्याचा हवा.