रंग भरणारी स्क्रिप्ट चुकते कुठे?
डी.टी.पी. व छपाईचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी काही अनुभवाच्या गोष्टी

छपाईच्या धंद्यात एखादे अक्षर चुकले तर गिऱ्हाईक एकवेळ चालवून घेते, पण रंग चुकला की माल परत येतो. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. काही काळापूर्वी एका अत्तर विक्रेत्याच्या १२ प्रकारच्या लेबलांचे काम आमच्याकडे आले. नक्षी त्यांचीच होती. फक्त प्रत्येक लेबलाची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची हवी होती. तेच काम १२ वेळा हाताने करण्याऐवजी आम्ही गिम्प या चित्र-संपादनाच्या प्रोग्राममध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. पहिले गुलाबाचे लेबल पडद्यावर पाहिले. गुलाबी रंग अगदी हवा तसा आला होता. म्हणून बाकीची न पाहताच छापायला दिली.

माल हातात आला तेव्हा खसच्या लेबलाचा हिरवा रंग तपकिरी झालेला होता आणि मोगऱ्याची फिकट पिवळी पार्श्वभूमी करडी पडली होती. स्क्रिप्ट चालताना संगणकाने एकदाही चुकीचा संदेश दिला नव्हता. कागदाचा आणि छपाईचा खर्च अर्थातच आमच्या अंगावर पडला. त्यानंतर आम्ही या विषयाच्या मुळाशी गेलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत, म्हणजे हीच फी दुसऱ्या कोणाला भरावी लागू नये.

गिम्प कशासाठी?

स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली या प्रोग्रामचे काम सुरू केले. तो मोफत आहे, परवान्याचे पैसे पडत नाहीत. छोट्या व्यावसायिकाला याचे मोल मोठे आहे. एकच काम अनेक चित्रांवर करायचे असेल तर त्यात आज्ञांची यादी लिहून ठेवता येते. स्कीम भाषेत लिहिली तर तिला स्क्रिप्ट-फू म्हणतात. पायथन भाषेतही ती लिहिता येते. खालील माहिती प्रामुख्याने २.१० या आवृत्तीची आहे, कारण अनेक जुन्या स्क्रिप्ट त्या आवृत्तीसाठीच लिहिलेल्या आहेत.

ओरडणाऱ्या चुका

स्क्रिप्टमधील चुका दोन जातीच्या असतात. पहिल्या जातीच्या चुका ओरडतात, म्हणजे काम थांबते आणि संदेश येतो. नवशिक्याला या संदेशाची भीती वाटते, पण खरे पाहता ही चूक स्वस्त असते. कागद वाया जात नाही.

यातील सर्वात नेहमीची चूक म्हणजे लेयर चित्राला न जोडताच त्यात रंग भरू पाहणे. नवीन लेयर तयार करणे आणि ती चित्रात घालणे या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. दुसरी राहून गेली की गिम्प स्पष्ट सांगतो की ही लेयर अजून कोणत्याही चित्राला जोडलेली नाही.

दुसरी चूक आहे स्क्रिप्ट-फूमधील 'कार' या शब्दाची. २.१० मध्ये गिम्पची आज्ञा आपले उत्तर यादीच्या स्वरूपात देते, मग त्या यादीत एकच वस्तू का असेना. यादीतून पहिली वस्तू बाहेर काढण्याचे काम 'कार' करतो. तो विसरला तर पुढच्या आज्ञेला लेयरऐवजी यादी मिळते आणि ती दिलेली वस्तू चुकीच्या प्रकारची असल्याची तक्रार करते.

तिसरी चूक आवृत्तीची. मार्च २०२५ मध्ये गिम्पची ३.० ही आवृत्ती आली. तिच्यात बऱ्याच आज्ञांची नावे बदलली, काही जुन्या आज्ञा काढून टाकल्या आणि पायथनही दुसऱ्या पिढीतून तिसऱ्या पिढीत गेला. जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीत चालली नाही तर स्वतःला दोष देण्यापूर्वी मदत मेनूतील 'प्रोसीजर ब्राउझर' उघडून आज्ञेचे आजचे नाव पाहावे.

मुक्या चुका

दुसऱ्या जातीच्या चुका मुक्या असतात. स्क्रिप्ट शेवटपर्यंत चालते, फाइल तयार होते आणि रंग मात्र भलताच येतो. आमचे नुकसान अशाच चुकीने केले. तिची कारणे एकेक करून पाहू.

१. चित्राचा प्रकार. चित्र आर.जी.बी., ग्रेस्केल किंवा इंडेक्स्ड अशा तीनपैकी एका प्रकारचे असते. ग्रेस्केल चित्रात कोणताही रंग भरला तरी तो करडाच होतो. इंडेक्स्ड चित्राजवळ ठरावीक रंगांचीच पेटी असते. मागितलेला रंग पेटीत नसला तर त्यातल्या त्यात जवळचा रंग भरला जातो. जी.आय.एफ. फाइल इंडेक्स्ड म्हणूनच उघडते. आमच्या गिऱ्हाईकाने काही नक्षी जी.आय.एफ. स्वरूपात दिली होती. खसच्या लेबलाच्या पेटीत सोनेरी आणि तपकिरी छटाच होत्या, तिथे हिरवा येणार कोठून? मोगऱ्याचे लेबल ग्रेस्केलमध्ये स्कॅन केलेले होते. उपाय सोपा आहे : रंग भरण्यापूर्वी चित्र आर.जी.बी. करून घ्यावे. मात्र चित्र आधीच आर.जी.बी. असेल तर रूपांतराची आज्ञा चूक दाखवून काम थांबवते. म्हणून आधी प्रकार तपासावा आणि गरज असेल तरच रूपांतर करावे.

२. रंगाचे आकडे. स्क्रिप्ट-फूमध्ये लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण ० ते २५५ या आकड्यांत देतात. २.१० च्या पायथनमध्ये पूर्णांक दिला तर तो २५५ पैकी समजला जातो आणि दशांश चिन्हाचा आकडा दिला तर तो १ पैकी समजला जातो. म्हणजे १.० लिहिले तर पूर्ण लाल मिळतो, पण नुसते १ लिहिले तर जवळजवळ काळा! शिवाय त्या जुन्या पायथनमध्ये २०० भागिले २५५ केले की उत्तर शून्य येते, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक टाकून दिला जातो. सगळी पार्श्वभूमी काळी आली तर प्रथम येथे पाहावे.

३. आज्ञांचा क्रम. रंग भरण्याची आज्ञा त्या क्षणी चालू असलेला रंग घेते. रंग ठरवण्याची ओळ खाली आणि भरण्याची वर असेल तर मागच्या कामाचा रंग लागतो. काही स्क्रिप्ट सुरुवातीला वापरणाऱ्याचे रंग बाजूला ठेवून शेवटी परत आणतात. ही सवय चांगलीच आहे, पण रंग परत आणल्यावर भरण्याची ओळ आली तर तोच घोटाळा होतो. रंगाप्रमाणेच अपारदर्शकताही चालू ठेवणीतून घेतली जाते. ती कोणी ५० टक्क्यांवर सोडली असेल तर रंग फिका येतो.

४. राहून गेलेली निवड. चित्राचा काही भाग निवडलेला असेल तर रंग तेवढ्याच भागात भरतो, आणि काहीच निवडलेले नसेल तर संपूर्ण लेयर रंगते. पूर्ण पार्श्वभूमी हवी असेल तर आधी निवड रद्द करावी. उलट, संपूर्ण लेयर भरणारी एक वेगळी आज्ञा आहे, ती निवडीकडे पाहतच नाही. दोन्हींची नावे सारखी असल्याने गफलत होते.

५. लेयरचे कुलूप. पारदर्शकता कुलूपबंद असेल तर लेयरच्या पारदर्शक भागात रंग शिरत नाही. संपूर्ण लेयर पारदर्शक असेल तर काहीच झाले नाही असे दिसते.

६. जे.पी.जी. ची धूळ. डोळ्यांना पांढरी दिसणारी जागा जे.पी.जी. फाइलमध्ये सर्वत्र एकसारखी पांढरी नसते. बादलीने रंग ओतला की अक्षरांच्या कडेला ठिपके उरतात. तेथे 'थ्रेशोल्ड'चा आकडा थोडा वाढवावा, पण बेताने. फार वाढवला तर रंग अक्षरांतही शिरतो.

आणखी एक गोष्ट. कधी रंग बरोबर भरलेला असतो, पण पडदा ताजा न झाल्याने दिसत नाही. स्क्रिप्टच्या शेवटी पडदा ताजा करण्याची आज्ञा द्यावी म्हणजे उगाच धावपळ होत नाही. तसेच पडद्यावर आणि फाइलमध्ये रंग बरोबर असून कागदावर वेगळा आला तर तो दोष स्क्रिप्टचा नव्हे. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई शाईने. त्याची चौकशी छापखान्यात करावी.

चूक शोधण्याची रीत

आता आमची रीत अशी आहे. स्क्रिप्ट-फू कन्सोल उघडून आज्ञा एकेक करून देतो. प्रत्येक आज्ञेनंतर चार प्रश्न विचारतो : लेयर कोणती? चित्राचा प्रकार कोणता? निवड काय आहे? चालू रंग कोणता? ज्या ओळीनंतर उत्तर बदलते तेथेच चूक सापडते. सगळी स्क्रिप्ट पुन्हा लिहिण्याची गरज क्वचितच पडते.

स्क्रिप्ट दुरुस्त झाली की ती सर्वात सोप्या फाइलवर नव्हे, तर सर्वात वेगळ्या फाइलवर चालवून पाहतो. आम्ही गुलाबाचे लेबल पाहून निश्चिंत झालो, तीच आमची खरी चूक होती. आता प्रत्येक तयार फाइल उघडतो, कलर पिकर पार्श्वभूमीवर ठेवून रंगाचे आकडे वाचतो आणि ते गिऱ्हाईकाने मंजूर केलेल्या आकड्यांशी जुळवतो. १२ लेबलांना यासाठी फार तर १५ मिनिटे लागतात.

त्या अत्तर विक्रेत्यांना आम्ही खसची आणि मोगऱ्याची लेबले पुन्हा छापून दिली. ते अजून आमच्याकडेच काम देतात. पण आता आपल्या फाइल पाठवल्या की फोनवर पहिला प्रश्न हाच असतो, "खस हिरवा आहे ना?" आणि आम्ही आकडे पाहिल्याशिवाय होय म्हणत नाही.