दीड मिलिमीटरची शिल्लक

मोटारसायकलीच्या चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती, जिला पुस्तकांत रोटर आणि गॅरेजात डिस्क प्लेट म्हणतात, ती स्वतः झिजूनच आपले काम करते. चकतीला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन बसलेल्या कॅलिपर नावाच्या भागात घर्षणद्रव्याचे दोन तुकडे, म्हणजे पॅड, असतात. लिव्हर दाबला की ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनला पुढे सरकवतो, पॅड चकतीला चिमटीत धरतात आणि गाडीच्या गतीची उष्णता होते. चालकासह २५० किलो भरणारी मोटारसायकल ताशी ८० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे ६२ किलोज्यूल ऊर्जा रिचवावी लागते, आणि तिचा ७० टक्के वाटा पुढच्या चाकावरील ९०० ग्रॅमच्या एका चकतीने उचलला असे धरले, तर एवढ्या एका थांबण्यात तिचे तापमान साधारण शंभर अंशांनी चढते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते, चकती मात्र तेवढीच राहते. त्यामुळे चकतीची जाडी म्हणजे एकीकडे उष्णता साठवण्याची जागा आणि दुसरीकडे वाकण्याला होणारा विरोध असतो, आणि म्हणूनच बहुतेक उत्पादक तिच्या अंगावर किमान जाडीचा आकडा कोरून ठेवतात. मूळ जाडी आणि हा आकडा यांच्यामधला धातू तेवढा खर्चायचा असतो. चकती घासून समतल करणे आणि तिला भोके पाडणे ही दोन्ही कामे कौशल्याची खरी, पण पहिले थेट या शिल्लकीतून वसूल होते आणि दुसरे त्याच चकतीच्या वजनातून व बळकटीतून.

ही कारागिरी सर्वांत ठळकपणे दिसते ती होंडा सीबी ७५० या मोटारसायकलीच्या भोवती. चकतीच्या ब्रेकची कल्पना तिच्या पुष्कळ आधीची आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने बर्मिंगहॅममध्ये १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते, पण त्याचे पॅड तांब्याचे असल्यामुळे ते कर्कश ओरडत आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर लवकर झिजून जात, तेव्हा ती कल्पना बराच काळ मागे पडली. १९५३ मध्ये डनलॉपच्या डिस्क ब्रेकसह जॅग्वारने ल मांची २४ तासांची शर्यत जिंकल्यावर मोटारींच्या जगात तिला मान मिळाला. दुचाकींत १९६२ च्या लँब्रेटा टीव्ही १७५ या स्कूटरवर तारेने ओढला जाणारा डिस्क ब्रेक आला. होंडाने १९६८ च्या टोकियो प्रदर्शनात मांडलेल्या आणि १९६९ मध्ये विक्रीस आणलेल्या चार सिलिंडरच्या सीबी ७५० ने मात्र तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मोटारसायकलीच्या पुढच्या चाकावर बसवला. ताशी २०० किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या ७३६ सीसीच्या या गाडीला जुना ड्रम ब्रेक पुरणार नव्हता. तिची चकती २९६ मिलिमीटर व्यासाची, नवी असताना ७ मिलिमीटर जाड, आणि झिजण्याची मर्यादा साडेपाच मिलिमीटरची; म्हणजे सबंध आयुष्यात खर्चायला दोन्ही बाजूंचा मिळून दीड मिलिमीटर.

होंडाने ही चकती गंजरोधक पोलादाची केली, कारण गाडीच्या सर्वांत दर्शनी जागी रात्रीच्या दवाने तांबूस होणारे बिडाचे लोखंड ग्राहकाला रुचले नसते. इटालियन बनावटीच्या अनेक गाड्यांनी बिडाचीच चकती ठेवली. ती गंजायची, पण ओल्या रस्त्यावर पॅडला चांगली धरायची. गंजरोधक पोलादाच्या गुळगुळीत, बिनभोकांच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर टिकून राही, आणि त्या काळच्या सेंद्रिय पॅडना तो पुसून काढायला चाकाचे काही फेरे लागत. परिणामी पावसात लिव्हर दाबल्यावर पहिला क्षण काहीच घडत नसे आणि मग ब्रेक एकाएकी पकडत असे. १९७० च्या दशकातल्या जपानी मोटारसायकलींची ही सर्वज्ञात खोड होती, आणि याच खोडीतून अमेरिका व युरोपातल्या मालकांनी आपल्या चकत्या मशीन शॉपमध्ये नेऊन त्यांना भोके पाडून घेण्याचा प्रघात पाडला. पुढे उत्पादकांनीच भोके दिली आणि धातूची भुकटी भाजून केलेले सिंटर्ड पॅड आणले, तेव्हा तक्रार मिटली. जुन्या गाड्या जपणाऱ्यांच्या जगात भोके पाडण्याचे काम मात्र चालूच राहिले आहे.

भोकांबद्दलचा समज आणि भोकांचे काम यांत बरेच अंतर आहे. भोके पाडल्याने ब्रेक जास्त जोराचा होतो हा समज चुकीचा आहे, कारण घर्षणाने चाकाला मिळणारा रोध पॅडवरचा दाब, घर्षणाचा गुणांक आणि चकतीच्या केंद्रापासून पॅडचे अंतर यांवर ठरतो, पॅडखाली किती क्षेत्रफळ आहे यावर जवळजवळ नाही. भोक तीन गोष्टी करते: पॅडखाली अडकलेल्या पाण्याला आणि धुळीला वाट देते, आपल्या कडांनी पॅडचा पृष्ठभाग सतत ताजा ठेवते आणि चकतीचे वजन घटवते. वजनाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. साडेसहा मिलिमीटर जाडीच्या चकतीतून ८ मिलिमीटर व्यासाचे एक भोक अडीच ग्रॅम पोलाद काढते. ६० भोकांनी दीडशे ग्रॅम कमी होतात. चाकाबरोबर फिरणाऱ्या आणि सस्पेन्शनच्या खाली राहणाऱ्या भागातून गेलेले दीडशे ग्रॅम कसलेल्या चालकाला जाणवतीलही, पण तेवढ्याच पोलादाची उष्णता साठवण्याची क्षमता त्याबरोबर गेलेली असते हे विसरले जाते. मोटोजीपी शर्यतींतल्या कार्बनच्या चकत्यांना भोके नसतात, ही गोष्ट केवळ दिसण्यासाठी चकतीची चाळण करून घेणाऱ्यांनी एकदा तरी लक्षात घ्यावी.

भोके पाडण्याची आखणी कागदावर सुरू होते. भोके एकाच वर्तुळावर ओळीने घेतली तर पॅडवर तेवढ्याच पट्ट्यात ती घासत राहतात आणि पॅडला व चकतीला चर पडतात. म्हणून ती आतून बाहेर सरकत जाणाऱ्या वक्र रांगांत अशी बसवतात की एका फेऱ्यात पॅडच्या पूर्ण रुंदीवरून कुठले ना कुठले भोक जावे. पाच भोकांच्या बारा रांगा ही अशीच एक मांडणी. चकती मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेडला, म्हणजे वर्तुळाचे समान भाग पाडून देणाऱ्या उपकरणाला, केंद्र साधून बांधली जाते. या उपकरणाचे हँडल ४० वेळा फिरवले की चकतीचा एक फेरा होतो, तेव्हा बारा भागांसाठी दर वेळी तीन पूर्ण आणि एक तृतीयांश फेरा द्यायचा. मांडणी सममित असली की चकतीचा तोल आपोआप राखला जातो, आणि हातड्रिलने अंदाजाने पाडलेल्या भोकांचा तो राखला जात नाही. बाहेरच्या कडेच्या फार जवळ भोक घेता येत नाही, कारण चकती तापते आणि निवते तेव्हा प्रत्येक भोकाच्या काठाशी ताण एकवटतो आणि तिथून निघालेली बारीक चीर कडेपर्यंत किंवा शेजारच्या भोकापर्यंत पोचली की ती चकती भंगारातच टाकावी लागते.

पोलाद सुमारे १२ ते १३ टक्के क्रोमियमचे, उष्णतोपचाराने कठीण केलेले असते, म्हणून साध्या ड्रिलची धार त्यावर लगेच जळते. कोबाल्ट मिसळलेले हाय स्पीड स्टीलचे किंवा कार्बाइडचे ड्रिल, कमी वेग, न थांबता दिलेला दाब आणि भरपूर कटिंग ऑइल ही या कामाची शिस्त आहे. ड्रिल एकाच जागी नुसते घासत राहिले तर भोकाचा तळ तापून आणखी हट्टी होतो आणि पुढचे ड्रिल मोडते. प्रत्येक भोकाला दोन्ही तोंडांशी काउंटरसिंक मारणे, म्हणजे काठ तिरका कापणे, हे शेवटचे आणि सर्वाधिक टाळले जाणारे काम. ६० भोकांना १२० तोंडे असतात आणि कंटाळा ऐंशीच्या पुढे येतो. तीक्ष्ण काठ पॅडला किसणीसारखा खातो आणि चिरेला सुरुवात करून देतो, त्यामुळे या तिरकसपणावरून कारागिराची पारख होते. चकती भोकांनंतर घासायची असेल तर काउंटरसिंक तेवढा खोल घ्यावा लागतो, नाहीतर घासताना तोच निघून जातो. क्रम नेहमी आधी भोके आणि मग घासणे असा ठेवतात, कारण ड्रिलने काठाशी उठलेला बर, म्हणजे धातूची कंगोरी, आणि आलेला किंचित बाक दोन्ही घासण्यात निघतात.

घासण्याची गरज मात्र भोकांपेक्षा वेगळ्या कारणाने उद्भवते. ब्रेक दाबल्यावर लिव्हर बोटाखाली धडधडू लागला की गॅरेजात प्लेट आऊट आहे असे निदान होते, आणि ते अर्धेच बरोबर असते. चकती फिरताना डावी-उजवीकडे डोलणे हा एक दोष आहे, आणि तिची जाडी ठिकठिकाणी वेगळी असणे हा दुसरा. सीबी ७५० सारख्या, बिजागरीवर हलणाऱ्या एका पिस्टनच्या कॅलिपरला चकतीचे थोडे डोलणे सोबत झुलून सहन करता येते. जाडीतला फरक मात्र पिस्टनला दर फेऱ्यात मागे ढकलतो आणि तेलातून तो धक्का लिव्हरपर्यंत येतो. डोलण्याची मर्यादा अनेक सेवापुस्तिकांत ०.३ मिलिमीटर असते, तर जाडीतला शतांश मिलिमीटरच्या एक-दोन घरांचा फरकही हाताला कळतो. पुष्कळदा धातू झिजलेलाही नसतो. तापलेल्या पॅडचे द्रव्य चकतीवर डागांसारखे चिकटते, गाडी ब्रेक दाबून उभी ठेवली तर पॅडच्या आकाराचा ठसाच उमटतो, आणि तिथे घर्षण वेगळे झाल्यामुळे चकती वाकल्याचा भास होतो.

म्हणून घासण्याआधी मोजावे लागते. डोलणे डायल गेजने पाहतात, तेही हबच्या बैठकीवरचा गंज साफ केल्यावर, कारण त्या गंजाचा एक पापुद्राही चकतीवर खोटा दोष लादतो. जाडी मायक्रोमीटरने सहा-आठ ठिकाणी मोजतात. इथे व्हर्नियर फसवतो: पॅड जिथवर पोचत नाही तिथे चकतीच्या बाहेरच्या कडेला न झिजलेला काठ उरतो, व्हर्नियरचे सरळ जबडे त्या काठावर टेकतात आणि खपलेली चकती नवी असल्याचे सांगतात. सर्वांत खोल जागेची जाडी मर्यादेपाशी आली असेल तर पुढचे कुठलेच काम करायचे नसते.

लेथवर चकती बांधून फेसिंग मारणे, म्हणजे टूलने तिचा पृष्ठभाग तासणे, हा स्वस्त मार्ग सर्वांना माहीत असतो, पण मोटारीच्या जाड बिडाच्या चकतीला जे चालते ते इथे चालत नाही. पातळ पोलादी कडा टूलच्या दाबाने मागे लवते, थरथरते, तापून कठीण झालेल्या निळसर डागांवरून टूल वर उचलले जाते आणि नेमका उंचवटाच शिल्लक राहतो. शिवाय टूल ग्रामोफोनच्या तबकडीसारखा सलग सर्पिल चर सोडते, ज्यातून पॅड एका बाजूला ओढले जाऊन टकटक करतात. योग्य यंत्र म्हणजे उभ्या अक्षाचा रोटरी सरफेस ग्राइंडर, ज्यात गोल फिरणाऱ्या चुंबकी टेबलावर चकती पडून असते आणि वरून दगडी चाक तिच्या सबंध पृष्ठावर फिरते. या जातीचे गंजरोधक पोलाद, स्वयंपाकघरातल्या बहुतेक भांड्यांच्या पोलादाप्रमाणे नसून, चुंबकाला चांगले चिकटते, म्हणून हे जमते. पण हा चुंबकच सापळाही असतो. वाकलेली चकती त्याने टेबलाशी ओढली जाऊन सपाट होते, घासली जाते, आणि चुंबक बंद केला की जशीच्या तशी पुन्हा वाकते. जाणता कारागीर पहिल्या बाजूला चकतीखालच्या पोकळीत पातळ पत्र्याचे शिम भरतो, चुंबक कमी ठेवतो, हलका हात मारून एक खरी सपाट बाजू मिळवतो, आणि मग चकती उलटसुलट करत दोन्हीकडून सारखे, शतांश मिलिमीटरच्या टप्प्यांनी, थंड पाण्याच्या धारेखाली घेत जातो. एका साफ कामात दशांश-दोन दशांश मिलिमीटर सहज जातो. दीड मिलिमीटरच्या शिलकीत असे हात फार वेळा मारता येत नाहीत, आणि जुन्या गाडीची चकती विकत घेणाऱ्याला ती आधी किती वेळा घासली गेली हे तिची चमक पाहून कळत नाही, मायक्रोमीटर लावूनच कळते.

भारतात या कारागिरीला जागा उशिरा मिळाली आणि थोडीच मिळाली. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून राजदूत ३५० या नावाने जी यामाहा आरडी ३५० बनवली, तिच्या मूळ जपानी रूपातला पुढचा डिस्क ब्रेक काढून खर्च वाचवण्यासाठी ड्रम बसवला होता. चकती सामान्य चालकाच्या परिचयाची झाली ती १९९९ ची हिरो होंडा सीबीझेड आणि २००१ ची बजाज पल्सर या गाड्यांमुळे. आज चाकणला ब्रेम्बो आणि वाळूजला एन्ड्युरन्स दुचाकींचे ब्रेक तयार करतात, म्हणजे देशभरच्या कितीतरी चाकांवरचे ब्रेक महाराष्ट्रात घडतात. पण या चकत्या साधारण ४ मिलिमीटर जाडीच्या, भोके कारखान्यातूनच पाडलेल्या आणि बहुधा अर्धा मिलिमीटर झिजण्याची मुभा असलेल्या असतात. अशी चकती घासून समतल करायची म्हटली तर ती यंत्रावरून उतरतानाच मर्यादेला टेकलेली असते. वरंधा किंवा आंबोलीचा घाट भर पावसात उतरणाऱ्या गाडीच्या बाबतीत हे लेथवर दहा मिनिटांत उरकण्याचे काम नाही; नवी चकती सहज मिळत असताना पातळ चकतीवर फेसिंग मारून देणारा टर्नर गिऱ्हाइकाचे पैसे वाचवतो आणि धोका त्याच्या पदरात टाकतो. ग्राइंडरचे काम शोभते ते जाड चकतीच्या जुन्या गाड्यांना, जिथे मूळ भाग मिळेनासा झाला आहे आणि शिल्लक अजून आहे.

घासून आलेल्या चकतीचा चुंबकपणा काढतात, अन्यथा पॅडमधली लोखंडी धूळ तिला चिकटत राहते; मग ती ब्रेक क्लीनरने धुऊन हबवर बसवतात, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळतात आणि पॅड नवे घालतात, कारण जुन्या पॅडवर जुन्या चकतीचे चर उमटलेले असतात. ग्राइंडरच्या चाकाने पृष्ठभागावर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक कमानींची नक्षी सोडलेली असते, आणि पॅड बसेपर्यंत तिची ही खरखरच उपयोगी पडते. रिकाम्या कोरड्या रस्त्यावर मध्यम वेगावरून दहा-पंधरा वेळा, पूर्ण न थांबता, मध्ये चकतीला निवू देत ब्रेक लावला की पॅडच्या द्रव्याचा पातळ सारखा थर तिच्यावर चढतो आणि कमानी पुसट होऊ लागतात. त्यानंतर चकतीची जाडी पुन्हा एकदा मोजून तो आकडा तारखेसह गाडीच्या कागदांत लिहून ठेवतात.